चौथं कडवं

त्या गीतावरून आमच्या घरात अबोला तेवढा झाला नाही, बाकी सगळं झालं. भांडी आपटून झाली, भाजीत मीठ जास्त पडून झालं, आणि एका शनिवारी मी यांचे बूट गॅलरीतून उचलून आतल्या खोलीत भिरकावले. हे शांतपणे उठले, बूट परत घेऊन आले आणि पॉलिशची डबी उघडून पुन्हा बसले. शनिवारी संध्याकाळी बूट चमकवायचे आणि रविवारी ते घालून उपासनेला जायचं, हा यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. कतारगामच्या बँकेत हा माणूस जन्मभर सँडल घालून गेला, पण देवळात जायचं तर काळे बूटच, तेही लखलखीत.

देवळात म्हणजे चर्चमध्ये. आम्ही जुनी माणसं अजून देऊळच म्हणतो. यांचे वडील नगरकडून नोकरीसाठी सुरतेला आले, मी लग्न होऊन आले. इथे मराठी म्हटलं की सोसायटीतले लोक गणपतीच्या तयारीला हक्काने बोलावतात, आणि ख्रिस्ती म्हटलं की ‘तुम्ही गोव्याचे का?’ म्हणून विचारतात. आम्ही दोन्ही आहोत हे पटवून देण्यात माझी निम्मी हयात गेली. आमची मंडळी तशी लहानच. सकाळी गुजराती उपासना होते आणि ती माणसं पांगली की दुपारी तेच देऊळ आम्हाला मिळतं. काही जण आमच्यासारखे बँकेतले, शाळेतले. काही नंदुरबार-नवापूरकडचे, कापडाच्या लूमवर नाहीतर पलसाण्याच्या रंगाच्या कारखान्यांत काम करणारे. दारात एकमेकांना ‘सलाम’ म्हणायचं, आणि आत गेलं की ज्याची त्याची ठरलेली जागा.

आमच्यात गीत ‘सांगायची’ पद्धत होती. पूर्वी मंडळीत वाचता येणारे थोडे आणि पुस्तकं त्याहून थोडी. म्हणून एकाने पुढे उभं राहून ओळ गाऊन दाखवायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी मागून म्हणायची. पुढचा जिथे श्वास घेईल तिथे सगळ्यांनी घ्यायचा, तो जिथे लांबवेल तिथे लांबवायचं. सगळी गीतं अशीच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. माझ्या सासूबाई गीत सांगायच्या. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. मी सांगायची आणि हे बाजूला बसून पेटीवर साथ करायचे. आमच्या दोघांत घरी एकमत क्वचित व्हायचं, पण तिथे मी मान जरा तिरपी केली तरी यांना कळायचं की आता ही वर जाणार.

भांडण ज्यावरून झालं ते गीत ‘दार उघडे ठेव, बापा’. कुणी रचलं कुणाला ठाऊक नाही. सासूबाईंनी त्यांच्या आईकडून घेतलं आणि त्या आईने खेड्यातल्या कुणा मास्तराकडून. चार कडवी. पहिल्यात पहाट, दुसऱ्यात कामाची दुपार, तिसऱ्यात सांज आणि चौथ्यात रात्र. ही चौथ्यातली रात्र म्हणजे मरण. ते असं आहे:

तेल सरले, वात सरली, हाती रिकामा दिवा,
अनवाणी मी उंबऱ्याशी, ओळख, बापा, जीवा.

उपासनेत हे गीत पुरं म्हणायचं. पण कुणी वारलं की कबरस्तानात मूठमाती द्यायच्या वेळी फक्त चौथं कडवं म्हणायचं, आणि त्याला पेटी नाही, झांज नाही, नुसता गळा. सांगणारीने ओळ सांगायची, मातीभोवती उभ्या असलेल्या माणसांनी म्हणायची. सासूबाई गेल्या तेव्हा मी सांगितलं होतं. हे माझ्या मागे उभे होते आणि यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आईला पोचवतोय की बोलावतोय कळू नये असा.

आणि आमच्या मुलीने आणि तिच्या मित्रमंडळींनी नेमकं तेच कडवं काढून टाकलं. त्याहून वाईट म्हणजे यांच्या संमतीने काढून टाकलं.

झालं असं की तरुण मुलं देवळात यायची बंद झाली होती. कामरेजकडे हायवेला एका हॉलमध्ये नवीन सभा सुरू झाली होती. तिथे ड्रम होते, रंगीत दिवे होते आणि गाणी हिंदी-गुजरातीत. आमची मुलगी हिऱ्यांच्या एका ऑफिसात हिशेब बघते. तीही रविवारी तिकडे जायला लागली. मी चिडले. हे चिडले नाहीत. एका रविवारी पेटीला कुलूप घालताना म्हणाले, “पोरंच गेली तर हे सगळं राखायचं कुणासाठी? तुझ्या-माझ्यासाठी? आपण किती दिवसांचे?” मग त्यांनी मुलीला आणि तिच्या गटाला घरी बोलावलं. माझ्याकडून पोहे करून घेतले आणि माझ्याच हॉलमध्ये बसून माझ्याच गीतांना कात्री लावायला सुरुवात केली.

“मम्मी, तू खोटी चिंता करते,” मुलगी म्हणाली. “चाल तीच राहील ने. फक्त थोडी फास्ट.”

“आणि ‘बापा’ला काय झालं? ‘प्रभू’ कशाला घातलंय तिथे?”

“‘बापा’ बोललं की गणपतीत आल्यासारखं वाटते, मम्मी.” सगळी पोरं हसली. हे पण हसले. मी पोह्यांच्या ताटल्या गोळा केल्या, अर्धवट खाल्लेल्यासुद्धा.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. माझ्या डोळ्यांदेखत एकेक वर्ग रिकामा झाला. मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात गेली. मी त्यावर बोलायला लागले की हे हळूच विचारायचे, “आपली कुठल्या माध्यमात घातली होती गं?” त्यामुळे मुलांनी देवळातल्या प्रोजेक्टरच्या पडद्यासाठी मराठी गीत गुजराती लिपीत टाइप केलं तेव्हा मला तोंड उघडायची सोयच राहिली नव्हती. पण चौथं कडवं गाळलेलं पाहिलं आणि मी उघडलं.

“तीन कडवी खूप झाली,” हे म्हणाले. “मुलांना मरणाचं कडवं टाळ्या वाजवत कसं म्हणायला लावायचं? मेल्यावरचं मेल्यावर बघू.”

त्यानंतरच्या शनिवारी मी बूट भिरकावले.

नवीन गीत पहिल्यांदा म्हटलं त्या रविवारी देऊळ भरलं होतं, हे मला कबूल करावं लागेल. गिटार होती, कीबोर्डवर आमची मुलगी होती आणि एक मुलगा लाकडी खोक्यावर बसून त्यालाच तबल्यासारखं बडवत होता. भिंतीवर शब्द येत होते. आता ओळ सांगणारीची गरज नव्हती. शाळेतून मी एकदा निवृत्त झाले होतेच, ही दुसरी निवृत्ती, आणि या खेपेला निरोपाचा नारळही नाही. मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. हे पुढे पोरांच्या घोळक्यात पेटी घेऊन बसले होते. बूट चमकत होते, मान डुलत होती. मुलं छान गायली. खरंच छान गायली, आणि त्यामुळे मला जास्तच रडू येत होतं.

तिसरं कडवं संपलं. मी सवयीने चौथ्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात गिटारने शेवट केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो श्वास तसाच छातीत राहिला.

माझ्या शेजारी नंदुरबारकडच्या एक म्हाताऱ्या बाई बसतात. त्यांचे दोन मुलगे लूमवर आहेत. त्यांनी मला कोपराने हलवलं. “झायं का, माय? रात तं ऱ्हायनीच.” झालं का? रात्र तर राहिलीच. मी म्हटलं, रात्र आता नाही म्हणायची. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि प्रार्थनेला मान खाली घातली.

मुलं टिकली. हे पडद्यामुळे, गिटारमुळे की यांच्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. यांना ती ‘अंकल, हे गीत घ्या ने’ म्हणून फोन करायची आणि हे जेवण सोडून पेटी काढायचे.

मग यांची किडनी गेली. आधी थकवा, मग सूज, मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाय इतके सुजायचे की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. बूट चढेनात. मुलीने मोठ्या मापाच्या मऊ चपला आणल्या. त्या घालून देवळात जाताना यांना शरम वाटायची. पाय बाकाखाली ओढून बसायचे. पण शनिवारचा नेम मोडला नाही. जे बूट घालता येत नव्हते ते गॅलरीत बसून तितकेच घासायचे, आणि मी बघत राहायची. भिरकावण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

अशाच एका शनिवारी बुटावर फडकं फिरवता फिरवता हे म्हणाले, “माझ्या वेळी चौथं सांगशील ना?”

मी म्हटलं, “तुम्हीच काढून टाकलंत.”

“पडद्यावरून काढलं. तुझ्या गळ्यातून कोण काढणार?”

“मला नाही जमायचं. आणि मागून म्हणायला कोण आहे आता? जुनी माणसं बोटांवर मोजण्याइतकी राहिली. पोरांना ते कडवं येत पण नाही.”

“तू सांग,” हे म्हणाले. “म्हणणारे म्हणतील.” मग बूट उजेडात धरून त्यांनी टाच तपासली आणि जोडीने भिंतीशी लावून ठेवले. मी आत जाऊन कुकर लावला. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं. हा माणूस जाणार आणि मला ते सांगावं लागणार. आणि सांगितलं तरी मागून कुणी उचललं नाही, तर मी तिथे एकटी काय करणार?

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सकाळी हे गेले. दवाखान्याच्या खिडकीतून पतंगच पतंग दिसत होते. सुरतेत त्या दोन दिवसांत माणूस घरात सापडत नाही, सगळं शहर गच्चीवर असतं. आम्हाला कॉफिन मिळवायला, माणसं गोळा करायला दुसरा दिवस उजाडला.

यांना सूट चढवला. मुलगी बूट घेऊन आली. शनिवारीच घासलेले होते. ती खाली बसली आणि यांचा पाय मांडीवर घेऊन बूट घालायला लागली. नाड्या काढल्या, टाल्कम पावडर टाकली, टाचेत चमचा घालून पाहिला. सूज उतरली नव्हती. ती हट्टाने दाबत होती आणि तोंडाने “पप्पा, जरा... पप्पा, जरा...” म्हणत होती, जसं काही हेच पाय आखडून बसले आहेत. मी म्हटलं, “राहू दे गं. दुखेल त्यांना.” बोलून गेले आणि मग मला कळलं मी काय बोलले. मुलीने बूट बाजूला ठेवले, कपाटातून नवे मोजे आणले आणि एकेक करून सरळ चढवले. बूट घरीच राहिले, भिंतीशी.

कबरस्तानातल्या झाडांवर तुटलेले पतंग लटकत होते. आजूबाजूच्या गच्च्यांवर स्पीकर लावलेले, पतंग कापला की आरडाओरडा. आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती निम्मी ऐकू आली. मुलांनी गीत म्हटलं, यांनी बसवलेलंच. पण टाळ्या नाहीत, हलक्या गिटारवर, सावकाश. पहाट झाली, दुपार झाली, सांज झाली. बरीच मुलं रडत होती. तिसरं कडवं संपलं आणि गिटार थांबली. त्यांच्या हिशेबाने गीत संपलं होतं.

पाळकसाहेब मातीसाठी वाकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगायची वेळ झाली होती. मी मागे पाहिलं. जुनी माणसं चार-पाच, तीही काठीवर टेकलेली. बाकी सगळी पोरं, डोळे पुसत, आता काय करायचं म्हणून एकमेकांकडे बघणारी. मला वाटलं, नको. राहू दे. तसंही गाळलेलंच आहे.

तेवढ्यात त्या नंदुरबारच्या बाई पुढे आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “सांग, माय. आम्ही म्हनतस तुना मांगे.”

मी सांगितलं. “तेल सरले, वात सरली, हाती रिकामा दिवा.” मागून म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, अजून दोघा-तिघांचा आला, आणि मग शब्दांवर अडखळत पण सुरात आमच्या मुलीचा. तिच्यामागून बाकीच्या मुलांचा. त्यांना कडवं पाठ नव्हतं, पण पाठ असायची गरजच नव्हती. मी म्हटलं तसं त्यांनी म्हटलं. पद्धत त्यासाठीच तर होती, आणि इतकी वर्षं ओळी सांगूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यांच्या आलं होतं.

मी दुसरी ओळ उचलली. “अनवाणी मी...” आणि माझ्या डोळ्यांसमोर ते मोजे आले. नवे, करड्या रंगाचे, पंज्यावर ताणलेले. पुढचा शब्द निघेना. किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. कुठल्याशा गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला आणि शिट्ट्या झाल्या. कुणीही माझ्या मदतीला ओळ पुरी केली नाही. सांगणारीच्या पुढे जायचं नसतं. मग कुठून तरी आवाज आला आणि मी म्हटलं, “...उंबऱ्याशी, ओळख, बापा, जीवा.” त्यांनी मागून म्हटलं. त्यांनी कसं म्हटलं ते मी ऐकलंच नाही. मी मूठभर माती टाकली. ती लाकडावर वाजली.

त्यानंतर बरेच रविवार मी देवळात गेले नाही. पाळकसाहेब येऊन गेले, बाई येऊन गेल्या. मुलगी रोज ऑफिसातून आली की गॅलरीत जाऊन बूट पुसायची, पॉलिश करायची नाही, नुसते पुसायची. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एके दिवशी ती म्हणाली, “मम्मी, या रविवारी चल. चौथं टाकलंय पडद्यावर. ‘बापा’ पण परत घातलंय. सगळ्यांनी मिळून नक्की केलं.”

मी गेले. तिसऱ्या बाकावर बसले. सांज झाली आणि गिटार बंद झाली, खोकं बंद झालं, मुलीने कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. नुसत्या गळ्याने सगळे म्हणायला लागले. तेल सरले, वात सरली. मी ओठ मिटून ऐकत होते. “अनवाणी मी...” म्हटलं आणि सगळं देऊळ थांबलं.

मला वाटलं विसरले. भिंतीवर तर पुढचे शब्द समोर दिसत होते. पण कुणीच म्हणेना. पुढे उभी असलेली मुलं, मागची माणसं, त्या दिवशी कबरस्तानात नसलेली नवी मुलंसुद्धा, सगळे त्याच जागी थांबले होते. मग एकदम एका आवाजात “...उंबऱ्याशी” आलं.

त्या जागी थांबणं नाही. सासूबाई कधी थांबल्या नाहीत, मीही त्याआधी कधी थांबले नव्हते. ओळ सरळ एका श्वासात जाते. लहानपणी कानावरून गेलं असेल तेवढंच, पण मुलांनी ते कडवं मन लावून एकदाच ऐकलं होतं, माझ्याकडून, मातीपाशी, आणि मी सांगितलं तसं त्यांनी घेतलं होतं.

उपासना सुटल्यावर मुलगी धावत आली. डोळे लाल, पण चेहरा परीक्षा देऊन आल्यासारखा. “बरोबर झालं ने, मम्मी? तू जिथे थांबते तिथेच थांबलो. मी मोजायला लावते सगळ्यांना. चार मात्रा धरतो. पुरेत ने चार?”

जन्मभर मी मुलांच्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या आहेत. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “हो. चार पुरे.”

आता दर रविवारी मीही त्यांच्यात म्हणते. अनवाणी मी, आणि सगळे थांबतात. चार मात्रा झाल्या की ती पोरं उंबऱ्याशी पोचतात. मला अजून चारांत जमत नाही. मी अलीकडेच राहते.